ऊस नोंदीच्या अर्जात एक रकाना वाढवा

प्रति,
निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी आणि कागवाड तालुक्यांतून ऊस नेणाऱ्या सर्व साखर कारखान्यांची संचालक मंडळं आणि शेती अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

मी वेदगंगेकाठचा ऊस उत्पादक. यमगर्णीच्या पुलाखालून नदी पुढं भोजकडं निघते, त्या वाटेवर आमचं गाव लागतं. घरचा ऊस कधी इकडच्या कारखान्याला जातो, कधी कागलच्या बाजूला. ज्याची ऊसतोड टोळी आधी येईल त्याचा. म्हणून हे पत्र कुणा एका कारखान्याला नाही, सगळ्यांना आहे.

खरं तर पूर आणि ओढ्याचा विषय, तर पत्र जिल्हाधिकाऱ्यांना लिहावं, असं आमच्या मुलाचं म्हणणं. दोनदा कच्चं लिहूनही पाहिलं. मग विचार केला, बेळगाव हा क्षेत्रफळानं कर्नाटकातला सगळ्यात मोठा जिल्हा. तिथल्या साहेबांनी आमच्या ओढ्याच्या काठावर येऊन उभं राहायचं म्हटलं तर त्यांची पाळी कधी येणार? तलाठी पूर उतरल्यावर पंचनाम्याला येतो, तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. तुमचा चिटबॉय, म्हणजे उसाच्या नोंदी घ्यायला गावोगाव फिरणारा कारखान्याचा माणूस, मात्र वर्षात पाच-सहा वेळा माझ्या बांधावर येतो. लावणीची नोंद घ्यायला येतो, खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटणारं पुढचं पीक) ठेवला का बघायला येतो, तोडीच्या आधी येतो. ओढ्याच्या अगदी कडेपर्यंत सरी कुणी सोडली, कुणी सोडली नाही, हे त्याला तोंडपाठ असतं. आमच्या भागात नदीच्या आणि ओढ्याच्या काठावर काय लावायचं हे ऊस नोंद, म्हणजे कुणाचा ऊस तुम्ही नेणार याची तुमची यादी, ठरवते. तुम्ही नोंद घेता म्हणून आम्ही लावतो. तेव्हा पत्र योग्य पत्त्यावरच टाकतोय.

मागणी एका ओळीची आहे. ऊस नोंदीच्या अर्जात एक रकाना वाढवा: ओढा किंवा नदीच्या काठापासून ऊस किती फुटांवर आहे? आणि ज्यानं वीस फूट पट्टा गवताला आणि झाडाला सोडला, त्याला त्या पट्ट्याचे पैसे द्या.

आता हे मला का सुचलं ते सांगतो. त्यात माझीच चूक आधी सांगावी लागेल.

आमच्या रानाच्या खालच्या अंगाला ओढा आहे. कानडी शेजारी त्याला हळ्ळ म्हणतात, आमच्यातली म्हातारी माणसं वडा म्हणतात. नदीला मिळायच्या आधी या ओढ्याला तीन वळसे होते. वळशांच्या पोटात लव्हाळा, निर्गुडी, दोन-तीन करंज आणि बारमाही चिखलाची एक डबर, जिथं म्हसरं बसायची. २०१४ साली मी आणि थोरल्या भावानं जेसीबी आणला आणि दीड दिवसात तिन्ही वळसे काढून ओढा सरळ केला. सहा गुंठे रान निघालं. त्यात सरी सोडली, लावण केली, आणि नोंदही झाली. तुमच्या माणसानं विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. शेजारची आक्का तेवढी बांधावर उभी राहून म्हणाली होती, "आरं बाबांनो, वळसा हाय तवर त्यो दमानं चालतोय. सरळ केला की पळंल की!" आम्ही हसलो. तिचे तीन गुंठे तसेच पडीक ठेवलेले, म्हसरांच्या वैरणीला. आम्हाला वाटायचं, म्हातारीला जमिनीची किंमत कळत नाही.

आक्का बोलली त्यात सगळं आलं होतं. ओढ्याची लांबी कमी झाली, वरची पातळी आणि खालची पातळी तीच राहिली, म्हणजे उतार वाढला. उतार वाढला की वेग वाढतो, आणि वेगाचं पाणी काठ खातं. दुसऱ्याच वर्षी मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात दोन फूट काठ खचला. आम्ही दगड टाकले. तिसऱ्या वर्षी दगडासकट गेला.

मग आला २०१९ चा ऑगस्ट. त्याचं वर्णन तुम्हाला काय सांगायचं, यमगर्णीजवळ महामार्गावर पाणी येऊन पुणे-बेंगळूर वाहतूक बंद पडली ते तुम्हीही पाहिलं. जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, भोजवाडी-कुन्नूर, मलिकवाड-दत्तवाड, कल्लोळ-येडूर, हे आमचे बुटके पूल तर दरवर्षीच बुडतात, त्या साली ते कुठं होते हेही दिसत नव्हतं. पाणी उतरल्यावर रानात गेलो. उसाचा शेंडा वाकवून पोंगा, म्हणजे शेंड्याची गुंडाळलेली कोवळी पानं, उघडला तर आत चिखल, आणि वास कुजक्या मासळीचा. शेंडा मेला की कांडीचे डोळे फुटतात, पांगशा (बाजूचे फुटवे) निघतात, वजन जातं. हे सगळ्यांच्याच रानात होतं. पण माझ्या खालच्या सहा गुंठ्यांत ऊसही नव्हता आणि मातीही नव्हती. जी काही बेटं उरली होती ती मुळ्या उघड्या टाकून काठावर लोंबत होती. मोटरीची खोली तिरकी झाली होती. सहा गुंठे कमावले होते, जुन्या काठाचे चार धरून दहा गेले.

तिथून आक्काच्या पट्टीत गेलो. लव्हाळा सगळा लोळलेला, पण मुळाला धरून जागच्या जागी. मधे वाळ्याची, त्या सुवासिक मुळांच्या उंच गवताची, एक ओळ आहे, तिच्या सासूनं लावलेली, ती तर नुसती आडवी होऊन पुन्हा उठायच्या बेतात होती. खुरप्यानं खणून बघितलं. वीतभर गाळ बसला होता, थरावर थर: खाली जाडी वाळू, वर काळी मऊ माती, मधे पाचटाचे (उसाच्या वाळल्या पानांचे) तुकडे, परत माती. पट्टी ओलांडून तिच्या उसात गेलो तर तिथं गाळ बोटभरसुद्धा नाही. सरीवरंबा ओळखू येत होता.

एक गोष्ट इथंच स्पष्ट करतो, नाहीतर तुमच्यातले अभियंते मला धरतील. आक्काचाही ऊस बुडाला. तिच्याही पोंग्यात चिखल होता. घाटावर आठ-आठ दिवस कोसळून कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा एकदम फुगल्या तर वीस फूट गवत काही करू शकत नाही. काळी जमीन एकदा भेगा मिटल्या की पाणी पितच नाही. महापुराचा निकाल पाटगाव, काळम्मावाडी, कोयना आणि अलमट्टी या धरणांच्या दारांवर आणि मुख्य म्हणजे पावसावर लागतो. अलमट्टीची उंची ५१९.६ मीटर ठेवायची की ५२४ वर न्यायची, यावर आमच्या पारावर दर जुलैत भांडणं होतात, आणि ती होऊ देत. अलमट्टीचं दार काही माझ्या हातात नाही. माझ्या हातात ओढ्याचा काठ आहे. २०१९ च्या महापुरानंतर महाराष्ट्रानं नेमलेल्या वडनेरे समितीनंही नदी-नाल्यांतल्या अतिक्रमणांवर बोट ठेवलं होतं. ते बोट माझ्याकडंही होतं, हे मला कळायला जरा वेळ लागला.

महापूर पाच-दहा वर्षांत एकदा-दोनदा येतो, आमच्याकडं २००५, २०१९, २०२१ ला आला. ओढ्याचा पूर मात्र दरवर्षी येतो. वळवाचा, मृगाचा, परतीचा. तो तासा-दोन तासांचा असतो, पेपरात येत नाही, त्याचा पंचनामा होत नाही. पण माती तोच नेतो, काठ तोच पाडतो, आणि तुमच्या-आमच्या उसाचं खत तोच नदीत नेऊन टाकतो. या पुराचं आपण काहीतरी करू शकतो.

खताचं गणित तुमच्या शेती अधिकाऱ्यांना माझ्यापेक्षा चांगलं येतं, तरी मांडतो. आडसालीला, म्हणजे पावसाळ्यात लावून दीड वर्षानं तुटणाऱ्या उसाला, हेक्टरी ४०० किलो नत्र (नायट्रोजन) ही महाराष्ट्रातल्या कृषी विद्यापीठाची शिफारस. युरियाचं पोतं ४५ किलोचं, त्यात नत्र ४६ टक्के, म्हणजे एका पोत्यात जेमतेम २१ किलो. नुसत्या युरियातून द्यायचं म्हटलं तर एकरी जवळपास आठ पोती होतात. शिफारशीवर थांबणारा शेतकरी आमच्या गावात मला दाखवा, मी त्याला फेटा बांधतो. शेजाऱ्याचा ऊस हिरवागार दिसला की आपण आणखी दोन पोती टाकतो. यातलं पिकाला लागत नाही ते दोन वाटांनी जातं. नत्राचं नायट्रेट झालं की ते मातीला चिकटत नाही, पाण्यात विरघळून पाण्याबरोबर चालू लागतं. स्फुरद (फॉस्फरस) उलट, मातीच्या कणाला धरून बसतं आणि गाळाबरोबर जातं.

म्हणून एकाच उपायानं दोन्ही थांबत नाहीत, पण एका पट्ट्यात दोन्ही उपाय बसतात. दाट गवतातून पाणी गाळून निघतं, वेग मोडतो, गाळ तिथंच बसतो आणि त्याबरोबर स्फुरदही. आक्काच्या पट्टीतला तो वीतभर गाळ म्हणजे वरच्या शिवारातल्या आमच्या सगळ्यांच्या पोत्यांचे पैसे होते. आणि जिथं माती ओली राहते, पालापाचोळा कुजतो, हवा कमी असते, तिथले जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरून टाकतात आणि नत्राचा वायू करून हवेत सोडतात. आपल्याला जी नुसती डबर वाटते, म्हसरं बसायची जागा, ती हे काम बिनपगारी करत होती. ती मी जेसीबीनं बुजवली.

हे खत नदीत गेल्यावर काय होतं ते नोव्हेंबरनंतर कुठल्याही बंधाऱ्याच्या वर उभं राहून बघा. पाणी अडलेलं, हिरवट, आणि जलपर्णीची गादी. त्याच पाण्यात गावाची जॅकवेल, नळाचं पाणी उपसायची विहीर. जलपर्णी काढायला परत जेसीबी, परत ग्रामपंचायतीचा पैसा. माझी आई नदीतून घागर भरून आणायची आणि तेच पाणी आम्ही प्यायचो. आज त्या पाण्यात म्हसरं घालायलासुद्धा मुलं कां-कूं करतात.

आता तुमच्यातला कुणी म्हणेल, हे गवताचं काय नवीन काढलं? नवीन नाहीच. आपल्याच राज्यात चामराजनगर जिल्ह्यातल्या गुंडलुपेटकडं शेतकरी शंभरावर वर्षं बांधावर वाळ्याची ओळ लावत आले आहेत. कानडीत त्याला लावंच म्हणतात. मुळं दोन-तीन मीटर सरळ खाली जातात, आडवी पसरून पिकाच्या तोंडचं खात नाहीत. आणि ज्यांना परदेशचा दाखला लागतो त्यांच्यासाठी: अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मका-सोयाबीनच्या रानात दहा टक्के जमीन देशी गवताच्या पट्ट्यांना देऊन बघितली. वाहून जाणारी माती वीस पटीनं कमी झाली, स्फुरद चार पटीनं. त्यांची जमीन वेगळी, पाऊस वेगळा, तेव्हा आपल्याकडं तोच आकडा येईल असं मी म्हणत नाही. निम्मा आला तरी पुष्कळ आहे.

गवत कुठलं लावायचं यावर मात्र वाद घालू नका. वाळा काठाच्या कडेला, मधे पवना किंवा लव्हाळा जे असेल ते, पाण्याच्या अगदी जवळ वाळुंज, काठ उंच असेल तिथं करंज, जांभूळ, उंबर. बांबू लावायचा तर मागच्या अंगाला, कारण त्याचं बेट पात्रात सरकलं की तेच पाणी अडवतं. नर्सरीतून निलगिरी किंवा सुबाभूळ आणून फोटो काढायचा असेल तर मात्र सोडून द्या. आणि गवत कापायला मुभा ठेवा. आमच्याकडं प्रत्येक घरी एक-दोन म्हशी आहेत. हंगामात वाडं (उसाचे हिरवे शेंडे) मिळतं, पण मे-जूनमध्ये वैरणीला गाडी पाठवावी लागते. कापून नेलेल्या भाऱ्याबरोबर गवतानं ओढलेलं खतही गोठ्यात परत येतं. माणसाला उपयोग असला तरच पट्टा टिकतो. आक्काचा टिकला तो तिच्या म्हशींमुळं, पर्यावरणाच्या प्रेमानं नव्हे.

एक तांत्रिक गोष्ट तुमच्या लोकांच्या कानावर घालतो, कारण ती पुढं अंगाशी येईल. कागवाड, अथणीच्या बाजूला क्षारपड आणि चोपण, म्हणजे क्षार साठून नापीक झालेली, रानं पुष्कळ झालीत. त्यावर जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकून निचरा करायचा उपाय आहे आणि तो चालतो. शिरोळच्या दत्त कारखान्यानं सभासदांना बरोबर घेऊन हे काम मोठ्या प्रमाणात करून दाखवलं आहे. कारखान्यानं मनावर घेतलं तर शेकडो शेतकऱ्यांचा निचरा एका नकाशावर आणता येतो, याचा तो पुरावा, आणि या पत्राला माझा खरा आधार तोच आहे. पण निचऱ्याचा पाइप नायट्रेट घेऊन थेट ओढ्यात उतरतो. वर कितीही गवत असू दे, पाणी मुळांना न शिवता पाइपातूनच निघून जातं. तेव्हा पाइपाचं तोंड ओढ्यात सोडायच्या आधी एक उथळ डबर ठेवा, त्यात पाणकणीस, ते दलदलीतलं उंच गवत, वाढू द्या. नदीकाठाला वीटभट्टीवाल्यांनी माती उचललेले खड्डे आयते आहेत. दोन फूट खोल चार गुंठ्यांच्या खड्ड्यात जवळपास अडीच लाख लिटर पाणी मावतं, दहा हजाराचे पंचवीस टँकर म्हणा. एका एकरावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर चार लाख लिटर होतं. म्हणजे असा एक खड्डा अर्ध्या-पाऊण एकराचा एक दांडगा दिवस पोटात घेतो. ओढ्याच्या वरच्या अंगाला असे वीस खड्डे असले तर खालच्याचा काठ खचायचा थांबतो की नाही ते तुमच्या अभियंत्यानं मोजून सांगावं.

पैशाचं बोलू. सव्वादोनशे फूट काठ असलेल्या माणसानं वीस फुटी पट्टा सोडला तर चार गुंठे जातात. गुंठ्याला टन धरा. गेल्या नोव्हेंबरात, २०२५ ला, आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लापूरला शेतकरी रस्त्यावर बसले तेव्हा टनाला ३,३०० ठरले. त्या भावानं १३,२०० रुपये. त्यातून बी, खत, मजुरी, पाणी वजा करा, आणि काठाचा ऊस दरवर्षी पूर्ण हाती येत नाही तेही धरा. माझ्या मते गुंठ्याला वर्षाला दोन हजार मिळाले तर माणूस तक्रार करणार नाही. आमच्या गावात मी पाच जणांना विचारलं, तिघं हो म्हणाले, एकानं अडीच मागितले, एकानं मला चहा पाजून वाटेला लावलं.

दहा लाख टन गाळणारा कारखाना धरा. टनामागं पाच रुपये बाजूला काढले तर पन्नास लाख होतात. दोन हजारानं अडीच हजार गुंठे, म्हणजे वीस फूट रुंदीनं सुमारे चाळीस किलोमीटर काठ. एका कारखान्याचा, एका वर्षाचा. बिलातून कपाती करायची सवय तुम्हाला आहेच, त्यांची नावंही आम्हाला पाठ झालीत. एकदा बिलावर एक ओळ जमेच्या बाजूला लिहून बघा, सभासद ते बिल फ्रेम करून लावतील. आणि पैशापेक्षाही एक गोष्ट तुम्हाला फुकट देता येते. ज्यानं पट्टा ठेवला त्याला तोडीच्या क्रमात पुढं घ्या. पूर येऊन गेलेल्या वर्षी टोळी लवकर मिळणं म्हणजे काय, हे काठावरच्या माणसालाच कळतं. २०१९ नंतर माझा बुडालेला ऊस एका कारखान्यानं जानेवारीत नेला. तोवर निम्मा वाळून सरपण झाला होता. नाव घेत नाही, त्या वर्षी सगळ्यांचीच तारांबळ होती.

ओढा कुणाचा आणि काठ कुणाचा यावर भांडण होणार, ते मला दिसतंय. पण आता मोबाइलवर कर्नाटक सरकारचं जमिनीच्या नकाशाचं दिशांक ॲप उघडलं की सर्व्हे नंबरासकट हळ्ळाची रेघ दिसते. माझी उघडून बघितली. मी सरळ केलेला ओढा जमिनीवर एका जागी आहे आणि नकाशावर अजून तीन वळसे घेत चाललाय. चिटबॉयच्या हातात मोबाइल असतोच. नोंद घेताना त्यानं एक फोटो काढावा, फूट लिहावेत, झालं. पहिल्या वर्षी कुणाची नोंद नाकारू नका. नाकारलीत तर ऊस दुसऱ्या नावावर नोंदवला जाईल, आम्ही काही कमी नाही. आधी नुसतं विचारायला लागा.

तुम्हालाच का लिहितोय याचं आणखी एक कारण. वेदगंगा आणि दूधगंगा महाराष्ट्रातून उतरतात, भोजला एकमेकींना मिळतात आणि येडूरजवळ कृष्णेत जातात. ओढ्यांचंही तसंच, वरचं शिवार कागल तालुक्यात, खालचं निपाणीत. पुराच्या बैठका मात्र बहुतेक वेळा दोन राज्यांच्या वेगवेगळ्या होतात. एका बाजूनं काठाला गवत लावलं आणि समोरच्यानं सरी सोडली तर पाणी समोरचा काठ खाऊन वळणार. सीमेचा प्रश्न आम्ही सत्तर वर्षं जगतोय, त्यावर इथं बोलत नाही. पण दोन्ही बाजूंच्या बांधावर एकाच आठवड्यात जाणारा माणूस फक्त तुमच्याकडं आहे. तुमच्यातले काही कारखाने बहुराज्य संस्था आहेत, तुमचे ट्रॅक्टर रोज ती रेघ ओलांडतात. तुम्ही सगळे मिळून एकच रकाना, एकच वीस फूट ठरवलंत तर नदीच्या दोन्ही काठांना एकच नियम लागेल. हे आजवर कुठल्या सरकारला जमलेलं नाही.

दोन गोष्टी या पत्रात मुद्दाम घेतल्या नाहीत, त्यांचा गैरसमज नको. कारखान्यांचं सांडपाणी आणि आसवन्यांचा विषय वेगळा आहे, त्याला कायदा आहे, आणि गवताच्या पट्ट्याचा बोर्ड लावून त्यावर पांघरूण घालता येणार नाही. तसंच बेळगावात बळ्ळारी नाल्याकाठी शहापूर-वडगावच्या भातशेतकऱ्यांचं दुखणं शहराच्या मैल्याचं आहे. तिथं आधी शुद्धीकरण, मग गवत. पाणकणसानं अख्ख्या शहराचा मैला निवळेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

पाचट जाळू नका हे तुमचे लोक दरवर्षी सांगतात, ते चांगलंच आहे. सरीत पाचट राहिलं की पाणी तिथंच थबकतं, ओढ्यापर्यंत कमी येतं. त्या प्रचारपत्रकातच खाली ओढ्याच्या काठाचे दोन शब्द घातले तर छपाईचा खर्चसुद्धा वाढणार नाही.

माझ्यापुरतं सांगायचं तर गेल्या मे महिन्यात मी आणि भावानं खालचं उरलेलं रान ओढ्याला परत सोडलं. तिन्ही वळसे परत काढणं जमलं नाही, खाली शेजाऱ्याची पाइपलाइन गेली आहे. एक वळसा काढला. खर्च माझा, जेसीबीही तोच, ड्रायव्हर तेवढा नवीन. त्यानं दोनदा विचारलं, "मालक, सरळ करायचाय न्हवं?" आक्का आता चालत नाही फारशी, खाटेवर बसून असते. तिच्या नातवानं तिला मोबाइलवर फोटो दाखवला. बघून म्हणाली, "लई बारका काढलाय वळसा. पुढच्या साली आणि थोडा काढा."

सप्टेंबरात तुमच्या वार्षिक सभा होतील. ज्या कारखान्याचा मी सभासद आहे तिथं हा विषय आयत्या वेळच्या विषयांत मांडणार आहे, तेव्हा माइक बंद पडू देऊ नका. येताना आक्काच्या पट्टीतले वाळ्याचे गड्डे पोत्यात घालून आणतो. एका गड्ड्याच्या पंधरा-वीस काड्या निघतात, पावसाळा आहे तोवर लगेच लागतात. ज्याला पाहिजे त्यानं ओली गोणपाटाची पिशवी घेऊन यावं.

आपला,
वेदगंगेकाठचा एक ऊस उत्पादक सभासद
ता. निपाणी, जि. बेळगाव